पांढरी माती, कळीचा चुना

दसरा काढायचा म्हणजे आमच्याकडे घरातली प्रत्येक वस्तू अंगणात आणून तिची लाज काढायची. वर्षभर ज्या गोधड्यांनी आमची घाणेरडी पावलं झाकली, त्या ओढ्यावर नेऊन बडवायच्या. फडताळातली पितळी भांडी चिंचेनं घासून उन्हात मांडायची. कोठीघरातले डबे उपडे करायचे, आणि मग मागच्या दसऱ्याला हरवलेली सांडशी, मायचं एक जोडवं, अप्पांनी शिव्या देत शोधलेला अडकित्ता, असं सगळं एकेक करून बाहेर यायचं. घटस्थापनेच्या आत हे सगळं उरकलं पाहिजे, नाहीतर देवी घरात पाऊल ठेवत नाही, असं माय म्हणायची. आम्ही लिंगायत माणसं, कपाळाला विभूती आणि गळ्यात लिंग, पण देवीशी वाकडं घ्यायची मायची तयारी नव्हती.

भिंतींची पाळी सगळ्यात शेवटी. जळकोटला तेव्हा चुना देणारी घरं थोडी. बाकी सगळे पांढऱ्या मातीवर भागवायचे. गावाच्या खालच्या अंगाला पांढरीची खाण होती, तिथून आम्ही दोघी बहिणी टोपल्यांनी ढेकळं आणायचो. माझी मोठी बहीण, आमची अक्का, पुढे. मी मागे, टोपली अर्धी रिकामी, तोंड मात्र भरलेलं. दिवस मावळायला ढेकळं रांजणात टाकायची, वर पाणी ओतायचं, कोंबडी पडू नये म्हणून परात झाकायची आणि परातीवर दगड ठेवायचा. सकाळी परात काढली की आत दुधाच्या सायीसारखा गाळ. तो फडक्यातून गाळून अक्का पोताऱ्यानं भिंतीवर ओढायची. पोतारं म्हणजे जुन्या लुगड्याचा बोळा, दुसरं काही नाही. पण अक्काच्या हातात ते असं वळायचं की भिंतीवर अर्ध्या अर्ध्या चंद्राच्या ओळी उमटायच्या, आणि वाळल्यावर त्या दिसेनाशा व्हायच्या. ओल्या मातीचा वास घरभर. पुढच्या वर्षी त्याच भिंतीचे पोपडे पडले की अक्का ते सुपात गोळा करून परत रांजणात टाकायची. माती भिजली, वाळली, पडली, परत भिजली. मातीचं काही बिघडलं नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे, पुढे लागणार आहे.

अक्काला शाळेत घातलंच नव्हतं. तिच्या वेळेला कुणाच्या डोक्यात ते आलं नाही, आणि माझ्या वेळेला गावात मुलींना हायस्कूलला पाठवायची एक हवा आली, तिच्यात मी उडाले. अक्का सतराची, मी तेराची. ती चुलीपुढे, मी आठवीत. अप्पांचं किराणा दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. दुकानात येणारी तूर अक्का निवडायची. सूप मांडीवर घेऊन बसली की बोटं आपोआप चालायची आणि ती भलतीकडेच बघत बोलत राहायची, पण खडा म्हणून सुटायचा नाही. ‘पोरीची नजर लई कडक हाय,’ असं गिऱ्हाइकं म्हणायची.

आता माझ्याबद्दल. आठवीतली मी कशी होते हे सांगायला मला आज फार मजा येते, कारण दुसऱ्या कुणाबद्दल इतकं वाईट बोलता येत नाही. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं. शाळेतून आले की दप्तर खाली ठेवायच्या आधी कुणाला तरी काहीतरी शिकवल्याशिवाय पाणी प्यायचे नाही. पृथ्वी फिरते हे मी दुकानातल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला इतक्या वेळा सांगितलं की तो तंबाखू घ्यायला दुसरीकडे जायला लागला.

त्या वर्षी विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर मधोमध एक रेघ ओढली. एका बाजूला भौतिक बदल, दुसऱ्या बाजूला रासायनिक बदल. बर्फ वितळतो, मीठ पाण्यात विरघळतं, कागद फाटतो, हे भौतिक. रूप बदलतं, वस्तू तीच राहते. कागद जळतो, लोखंड गंजतं, दुधाचं दही होतं, हे रासायनिक. नवीनच काहीतरी तयार होतं, आणि जुनं सहसा परत मिळत नाही. सर चांगले होते. त्यांनी सांगितलं ते बरोबर होतं. त्यांचा यात काही दोष नाही, हेही मी मुद्दाम सांगून ठेवते. ‘नवीन काही तयार झालं का, ते बघायचं,’ असं ते शेवटी म्हणाले होते. पण तोवर माझं लिहून झालं होतं, वही मिटली होती, आणि मी माझा स्वतःचा सोपा नियम काढला होता: पाण्यात टाकून होतं ते भौतिक, आगीत घालून होतं ते रासायनिक.

तो नियम घेऊन मी घर वाटून टाकलं. तूप थिजलं, भौतिक. गूळ पाण्यात विरघळला, भौतिक. विरजण लावलं, रासायनिक. इथे आग नव्हती, पण सरांनीच सांगितलं म्हणून चालवून घेतलं. शेण जाळून अप्पांची विभूती होते, रासायनिक. अप्पा पूजेतून उठले तर मी म्हणाले, ‘अप्पा, तुमच्या कपाळावरचं परत शेण होऊ शकत न्हाई.’ अप्पा मायकडे वळून म्हणाले, ‘हिला शाळेत घालायचं कुणाच्या डोक्यात आलं होतं?’

‘तुमच्याच,’ माय म्हणाली.

मायला माझं कौतुकही होतं आणि वैतागही. एकदा मी चुलीपाशी बसून भाकरीवर प्रवचन देत होते. पीठ मळलं तर अमुक, तव्यावर टाकलं तर तमुक. ऐकता ऐकता मायची भाकरी करपली.

‘आता हे कोनतं झालं?’ तिनं विचारलं.

‘रासायनिक. आता ती परत पीठ होत न्हाई.’

‘मंग तूच खा,’ म्हणून तिनं ती काळी भाकरी माझ्या ताटात टाकली. अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. ते हसणं मला नीट आठवतं. डोळे बारीक व्हायचे आणि त्यांतून पाणी यायचं. दोन्ही डोळ्यांतून.

त्या दसऱ्याच्या आधी अक्काला नांदेडचं स्थळ आलं होतं. कापडाचं दुकान, माणसं बरी, मुलगा मान खाली घालून बसलेला. मुलाची आई मात्र पक्की. तिनं अक्काला ना नाव विचारलं ना स्वयंपाक. आल्या आल्या म्हणाली, ‘एक सूप आना तुरीचं.’ अक्कानं निवडून दाखवलं. बाईनं सुपात हात फिरवला, दोनदा फिरवला, एकही खडा लागला नाही. ‘डोळे चांगले हायेत पोरीचे,’ ती म्हणाली, आणि लग्न ठरल्यासारखंच झालं. घटस्थापनेच्या आधी कुंकू लावायला येतो म्हणाले. अक्का त्यानंतर चार दिवस गप्प होती आणि पाचव्या दिवशी मला म्हणाली, ‘नंदे, नांदेडला नदी हाय म्हनं. मोठी. तू पाह्यलीस का पुस्तकात?’ मी तिला गोदावरीची लांबी सांगितली. तिला नदी कशी दिसते ते हवं होतं.

नांदेडची माणसं येणार म्हणून अप्पांनी ठरवलं की यंदा माती नको, चुना द्यायचा. उदगीरहून येताना बारदान्यात बांधून कळीचा चुना आणला. आमच्या घरात तो पहिल्यांदाच आला. पांढरे धोंडेच ते, वजनाला हलके, हात लावला तर बोटं कोरडी पडायची. अप्पा म्हणाले, ‘हनमंतू येतोय सकाळी. तोच भिजवीन अन् तोच देईन. तुम्ही हात लावू नका.’ हणमंतू हा गावातला चुना देणारा म्हातारा. अप्पा सांगून दुकानात गेले. का हात लावायचा नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही माहीत नसावं. मोठी माणसं पुष्कळ गोष्टी नुसत्या ‘करू नका’ म्हणून सांभाळतात.

सकाळ गेली, हणमंतू आला नाही. त्याची सून बाळंत होत होती म्हणे. दुपार व्हायला आली. पाहुणे परवावर. गोधड्या वाळत, भांडी अंगणात, आणि भिंती जशा होत्या तशा. अक्काला राहवेना. तिनं बारदाना उघडला, एक धोंडा उचलून बघितला आणि मला हाक मारली. मी ओसरीवर वही घेऊन बसले होते.

‘नंदे, ह्याला बी मातीवानीच भिजवून झाकून ठिवायचं असंल का गं?’

इथे माझ्या आयुष्याला चांगली संधी होती. ‘मला माहीत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. हे वाक्य मी पुढे शिकले, पण फार उशिरा.

‘हाव,’ मी म्हणाले. ‘माती पांढरी, हे बी पांढरं. पाण्यात टाकायचं हाय. भौतिक बदल.’

‘अप्पा म्हनले हात लावू नका.’

‘अप्पाला काय कळतंय त्यातलं? आठवीत गेलते का ते?’

रांजण पाण्यानं भरलेला होता म्हणून अक्कानं तेलाचा रिकामा डबा घेतला, पत्र्याचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा. अर्धा डबा धोंडे, वर पाणी. झाकण तिनं दाबलं. दगड मी ठेवला. मातीला ठेवतो तसाच, पण जरा मोठा बघून, कारण मी शास्त्र करत होते.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मी वही उघडली. मग डब्यातून कुणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज आला. अक्कानं डब्याला हात लावला आणि झटकन काढला.

‘नंदे, तापला गं हा.’

‘उन्हात ठेवलाय म्हणून.’

‘उन्हात कुठं हाय? सावलीत हाय की.’

मी वहीतून मान वर केली नाही. डबा आता आतून खदखदत होता, चुलीवरच्या आंबिलीसारखा, आणि खाली जाळ नव्हता. मायचं पोळी लाटणं थांबलेलं मला ऐकू आलं. अक्का म्हणाली, ‘काय करू?’ आणि मी म्हणाले, ‘झाकण काढून बघ ना.’

तिनं दगड बाजूला केला आणि वाकली. ती नेहमीच वाकून बघायची, नजर कडक असली तरी. झाकण तिच्या हातात यायच्या आत उडालं. पांढरं, उकळतं, वाफेसकट तिच्या तोंडावर आलं. ती ओरडली नाही. खाली बसली आणि दोन्ही तळहात चेहऱ्यावर धरले. बोटांच्या फटींतून पांढरं ओघळत होतं.

माय धावत आली. येताना तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं काही विचार केला नसेल. भाजलं की पाणी, डोळ्यात गेलं की पाणी, एवढं कुठलीही बाई जाणते. आणि त्या घरातल्या एकुलत्या एक शिकलेल्या माणसानं तिला अडवलं. मला त्या क्षणी खरंच वाटलं की मला समजलं. हे भौतिक नाहीच. पाण्यानंच हे तापलं. पाणी घातलं तर डोळ्यात आणखी उकळेल. मी मायचा हात धरला आणि म्हणाले, ‘पाणी नको, पाण्यानंच उकळून राह्यलंय ते.’ माय थांबली. तिचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता. मग शेजारच्या बायका आल्या, कुणी पदरानं पुसलं, कुणी तूप घातलं, कुणी दूध. पाणी कुणी घातलं नाही. मी सगळ्यांना सांगत होते, पाणी नको, पाणी नको.

पुढे मी विज्ञानाची पदवी घेतली, नांदेडला मुलींच्या शाळेत हाच विषय शिकवला, आणि मला नीट समजलं की चूक कशी झाली होती. कळीच्या चुन्याला थोडं पाणी भेटलं की तो तापतो, नवीन पदार्थ होतो, हे खरं. पण डोळ्यात गेलेला कण धुऊन काढायला घडाभर पाणी लागतं. ते पाणी उष्णता घेऊन जातं आणि चुनाही घेऊन जातं. जितकं लवकर, तितकं बरं. म्हणजे माझा पहिला निष्कर्ष अडाणीपणाचा होता आणि दुसरा अर्धवट शहाणपणाचा. पहिल्यानं डबा उडाला. डोळा दुसऱ्यानं गेला.

उदगीरला, आणि तिथून लातूरला, एसटीनं. अक्का मायच्या मांडीवर, डोळ्यांवर ओलं फडकं, गाडी खड्ड्यात गेली की तिचा हात मायच्या दंडात रुतायचा. लातूरच्या डॉक्टरांनी पापणी वर करून बघितलं. उजवा वाचेल म्हणाले. डाव्याबद्दल त्यांनी विचारलं, ‘लगेच पाणी मारलं होतं का? भरपूर?’

अप्पा मायकडे बघायला लागले. मी दाराला टेकून उभी होते. मला शाळेत उत्तर यायचं तेव्हा मी सरांचा प्रश्न पुरा होऊ द्यायची नाही. तिथे मी रिबिनीचं टोक चावत राहिले.

‘आम्ही आडानी मानसं, डॉक्टरसाहेब,’ माय म्हणाली. ‘न्हाई सुचलं.’

परतीच्या एसटीत अप्पांनी विचारलं, चुन्याला पाणी कुणी घातलं. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. ‘मी,’ अक्का पट्टीखालून म्हणाली. ‘मला घाई झाल्ती.’ अप्पा म्हणाले, ‘मला वाटलं ह्या शाळेवालीनं काही शिकवलं. तसं असतं तर उद्यापासून शाळा बंद केली असती.’ माझी शाळा त्या बाकावर अशी वाचली. एका बाजूला अक्का बसली होती, एका बाजूला माय, आणि मध्ये मी, दोघींच्या मधली ऊब घेत.

आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हणमंतू आला. डब्यात उरलेला चुना त्यानं काडीनं ढवळून बघितला. ‘झकास विझलाय,’ म्हणाला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं नीळ घातली, डिंक घातला आणि दोन दिवसांत सगळं घर देऊन टाकलं. चुना वाळला की जास्त पांढरा होतो. आमचं घर त्या वर्षी जितकं पांढरं होतं तितकं आधी कधी नव्हतं, आणि बघायला कुणी आलं नाही. नांदेडहून निरोप आला की मुलाला एवढ्यात करायचं नाही. मुलाच्या आईनं विचारपूस केली होती म्हणे: कोणता डोळा, पूर्ण गेला का. डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, शिजलेल्या भाताच्या शितासारखं.

माझी नात ईशा लातूरला क्लासला आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. मध्यंतरी मी तिला म्हणाले, रासायनिक बदल उलटत नाही. ती म्हणाली, ‘आज्जी, ती खरी कसोटी नाही. काही रासायनिक बदल उलटतात. नवीन पदार्थ झाला का, ते बघायचं.’ साठ वर्षांपूर्वी सर वहीबाहेर जे म्हणाले होते, ते. तिचं बरोबर आहे. भिंतीवरचा चुना हवेतून हळूहळू परत दगड होतो, ज्या दगडापासून तो भाजून काढला होता तोच. मी पोरीला म्हणाले, ‘हुशार आहेस. म्हणून जरा जपून.’ ती मोबाइलमध्ये बघत हसली. मी तिच्या वयात असते तर माझ्यासारख्या म्हातारीला मीही हसले असते.

शाळेत मुली मला ‘बादलीबाई’ म्हणायच्या. चुन्याचा प्रयोग असला की मी आधी टेबलावर पाण्यानं भरलेली बादली आणि तांब्या ठेवायची, मुलींना चार पावलं मागे उभं करायची, आणि नखाएवढा खडा परीक्षानळीत टाकायच्या आधी विचारायची, ‘डोळ्यात गेलं तर?’ सगळ्या वर्गानं एका सुरात ‘पाणी, भरपूर पाणी’ म्हटल्याशिवाय पुढे जायची नाही. शिपाई बादली भरताना हसायचा. निरोपाच्या दिवशी मुलींनी मला छोटी प्लॅस्टिकची बादली भेट दिली, तिच्यात फुलं घालून. टाळ्या झाल्या. मी छान भाषण केलं. त्या भाषणात सगळं होतं, आठवीतली रिबीन होती, सर होते, करपलेली भाकरी होती. अक्का नव्हती.

अक्का जळकोटलाच राहिली. अप्पांच्या मागे दुकान तिनंच चालवलं. एका डोळ्यानं तूर निवडायची, मान किंचित डावीकडे वळवून, आणि खडा सुटायचा नाही. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायची, ‘एका डोळ्यानं एकच मानूस दिसतंय, अन् ते मीच हाय.’ तिची जीभ तिखट झाली. मायचं मात्र वेगळं झालं. नात्यागोत्यात, हळदीकुंकवाला, मौतीला, कुठेही विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच: ‘पोटच्या पोरीच्या डोळ्यावर मायनं पानी बी मारलं न्हाई.’ माय ऐकून घ्यायची. माझ्या पहिल्या पगाराचं लुगडं नेसून ती एका लग्नाला गेली होती, तिथेही हे झालं. मी शेजारी बसले होते. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, उगीच मला अवघडल्यासारखं होईल म्हणून. ती गेली तेव्हाही मी तिच्या उशाशी होते आणि मला वाटलं, आता सांगते. मग वाटलं, तिला कशाला त्रास. असे चांगले विचार मला नेहमी वेळेवर सुचले.

हे प्रकरण इथपर्यंत लिहिलं आणि गेल्या दसऱ्याला वही घेऊन जळकोटला गेले. घराला आता बाजारातला रंग आहे, फिकट गुलाबी, मला अजिबात आवडत नाही. पण देवघराची एक भिंत अक्का अजून पांढऱ्या मातीनंच पोतारते. वय ऐंशीकडे झुकलंय, हात वर जात नाही, त्यामुळे भिंत आता कमरेपर्यंतच पांढरी. ती सूप घेऊन बसली होती. मी म्हणाले, ‘अक्का, एक लिहिलंय. वाचून दाखवते.’

‘लांब हाय का?’

‘हाय जरा.’

‘वाच मंग. तूर बी लई हाय.’

मी वाचलं. भाकरीच्या जागी ती हसली, तशीच, पण ठसका लागला नाही. डब्याच्या जागी बोटं थांबली नाहीत. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं दोनदा थांबले, ती दोन्ही वेळा ‘हं’ म्हणाली. शेवटापर्यंत आले. ती बराच वेळ निवडत राहिली.

‘ते पान्याचं परत वाच,’ ती म्हणाली.

मी वाचलं: मी मायचा हात धरला आणि म्हणाले, पाणी नको.

‘तुला ठाऊक होतं?’ मी विचारलं. ‘पाणी मी अडवलं ते?’

‘डोळे मिटले होते माझे. कान न्हाई.’

‘मग कधी बोलली का न्हाईस?’

‘डब्याचं मी अंगावर घेतलं. तुझी शाळा होती. पान्याचं मायनं घेतलं. मला वाटलं, पोर मोठी झाली की तीच मायला सोडवीन. मास्तरीन झालीस, मला वाटलं, आता. लगीन झालं, मला वाटलं, आता. माय गेली.’ तिनं सूप हलवलं. ‘आता मला सांगून राह्यलीस. मला ठाव हाय की.’

बाहेर कुणीतरी गोधडी बडवत होतं.

‘आन् ते बी खोटं लिव्हलंस,’ अक्का म्हणाली.

‘काय?’

‘हात धरला म्हनून. धरला न्हाईस तू. तांब्या हिसकलास. मायच्या हातात जोर होता, ती सोडत नव्हती. तू ओढलास अन् तांब्या पडला.’ तिनं सुपातून एक खडा उचलला, न बघता, आणि दाराबाहेर टाकला. ‘पानी सगळं माझ्या पायावर सांडलं. लई गार होतं.’

हात धरल्याचं वरचं वाक्य मी खोडलेलं नाही. मला साठ वर्षं तसंच आठवत आलं आहे, म्हणून ते तसंच राहू दे. खरं अक्कानं सांगितलं ते.